वित्तीय साधनांची लेखा मानके आणि व्यापारी बँकांचा नफा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेचा तिमाही निकाल जाहीर झाला की सर्वांची नजर आधी निव्वळ नफ्याच्या आकड्यावर जाते. हा आकडा व्याज आणि वसुलीतून घडतो हे खरेच, पण कोणती रक्कम कोणत्या खात्यात आणि कोणत्या तारखेला नोंदवायची या नियमांचाही त्यावर मोठा प्रभाव असतो. भागधारक, ठेवीदार, बँक कर्मचारी आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी या नियमांविषयी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे भारतीय बँकांच्या संदर्भात येथे दिली आहेत.

वित्तीय साधन म्हणजे काय, आणि बँकेच्या बाबतीत त्याचा एवढा बाऊ का केला जातो?

ज्या करारामुळे एका पक्षाकडे वित्तीय मालमत्ता आणि दुसऱ्याकडे वित्तीय देणे किंवा भागभांडवल निर्माण होते, त्याला वित्तीय साधन म्हणतात. कर्ज, ठेव, सरकारी रोखे, डिबेंचर, शेअर, व्याजदर स्वॅप, परकीय चलनाचा वायदा हे सारे यात येते. साखर कारखान्याच्या ताळेबंदात जमीन, यंत्रसामग्री आणि गोदामातली साखर असते, वित्तीय साधनांचा वाटा त्या मानाने थोडा असतो. बँकेच्या ताळेबंदातून इमारती आणि संगणक वगळले तर वित्तीय साधनांखेरीज फारसे काही उरत नाही. त्यामुळे या साधनांचे मूल्य ठरवण्याची रीत बदलली की बँकेचा संपूर्ण ताळेबंद हलतो.

भारतातील व्यापारी बँकांना सध्या कोणती मानके लागू आहेत?

जगातील अनेक मोठ्या अर्थव्यवस्थांत १ जानेवारी २०१८ पासून आयएफआरएस ९ हे वित्तीय साधनांचे आंतरराष्ट्रीय लेखा मानक लागू झाले. २००८ च्या आर्थिक संकटात कर्जबुडीची नोंद ‘फार थोडी आणि फार उशिरा’ झाली, अशी टीका जुन्या आयएएस ३९ या मानकावर झाली होती आणि त्यातूनच नवे मानक आले. त्याचा भारतीय अवतार म्हणजे इंड एएस १०९. ते २०१५ मध्ये अधिसूचित झाले आणि मोठ्या कंपन्यांना लागूही झाले, मात्र बँकांना ते अद्याप लागू नाही.

बँका आजही जुन्या भारतीय लेखा मानकांवर आणि त्यांच्या जोडीने रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांवर हिशेब लिहितात. कर्जांसाठी उत्पन्न निश्चिती, मालमत्ता वर्गीकरण आणि तरतुदींचे, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून बाजूला काढायच्या रकमांचे, निकष आहेत. गुंतवणुकीसाठी १२ सप्टेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेले आणि १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेले निर्देश आहेत. हे दुसरे निर्देश आंतरराष्ट्रीय मानकाच्या बरेच जवळ जाणारे आहेत. थोडक्यात, आपल्या बँकांचा एक पाय नव्या व्यवस्थेत आहे आणि दुसरा जुन्या.

इंड एएस १०९ बँकांसाठी का रखडले?

मूळ वेळापत्रकानुसार बँकांनी १ एप्रिल २०१८ पासून ते स्वीकारायचे होते. एप्रिल २०१८ मध्ये त्याला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि मार्च २०१९ मध्ये ते पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात आले. अधिकृत कारण असे की बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या तिसऱ्या अनुसूचीत बँकांच्या ताळेबंदाचा नमुना ठरवून दिलेला आहे आणि तो बदलण्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागते. हे कारण खोटे नाही. परंतु त्या काळात सार्वजनिक क्षेत्रातील बँका थकीत कर्जांच्या ओझ्याखाली दबल्या होत्या आणि सरकार त्यांना भांडवल पुरवत होते, हेही विसरता येत नाही. अशा वेळी तरतुदी एकदम वाढवणारे मानक आणले असते तर त्याचा भार अखेर अर्थसंकल्पावरच पडला असता.

मानक बदलले म्हणून बँकेची खरी कमाई बदलते का?

एखाद्या कर्जाच्या किंवा रोख्याच्या पूर्ण आयुष्याचा हिशेब केला तर नाही. शंभर रुपये दिले आणि व्याजासह एकशे तीस परत आले, तर एकूण कमाई तीस रुपयेच राहते, मानक कोणतेही असो. मानक ठरवते ते एवढेच, की हे तीस रुपये कोणत्या वर्षी किती दिसावेत, आणि मधल्या काळातील चढउतार नफा-तोटा खात्यात दाखवावेत, थेट राखीव निधीत न्यावेत की केवळ टिपणीत लिहावेत.

तरीही हा ‘केवळ नोंदीचा’ प्रश्न आहे असे म्हणून तो सोडून देता येत नाही. लाभांश वर्षाच्या नफ्यातून दिला जातो, भांडवल पर्याप्ततेचे, म्हणजे जोखमीच्या मानाने बँकेकडे स्वतःचे भांडवल किती आहे याचे, प्रमाण तिमाहीच्या अखेरीस मोजले जाते आणि अधिकाऱ्यांचे प्रोत्साहन वेतनही त्या वर्षीच्या आकड्यांवर ठरते. नोंदीची तारीख बदलली की निर्णय बदलतात, आणि निर्णय बदलले की पुढच्या वर्षांतील खरी कमाईही बदलू लागते.

रोखे तीन कप्प्यांत ठेवले जातात म्हणजे काय, आणि त्याने नफा कसा बदलतो?

बँकांना आपल्या निव्वळ मागणी व मुदत देण्यांच्या (म्हणजे मुख्यतः ठेवींच्या) किमान १८ टक्के रक्कम वैधानिक तरलता प्रमाणाखाली मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावी लागते. त्यामुळे रोख्यांचा साठा हा बँकेच्या ताळेबंदाचा मोठा आणि अपरिहार्य भाग असतो. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते, दर घटले की ती चढते. ही चढउतार कोठे दाखवायची हे रोखा कोणत्या कप्प्यात आहे यावर ठरते.

पहिला कप्पा मुदतपूर्तीपर्यंत राखून ठेवण्याच्या रोख्यांचा, ज्याला बँकेतले लोक एचटीएम म्हणतात. दुसरा विक्रीसाठी उपलब्ध रोख्यांचा, म्हणजे एएफएस. तिसरा कप्पा नफा-तोटा खात्यातून वाजवी मूल्य, म्हणजे आजच्या बाजारात मिळू शकणारी किंमत, दाखवण्याचा. पूर्वी स्वतंत्र असलेला व्यापारासाठीच्या रोख्यांचा, म्हणजे एचएफटीचा कप्पा आता या तिसऱ्याचा उपविभाग झाला आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बँकेकडे १०० कोटी रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षे मुदत उरलेला सरकारी रोखा आहे आणि बाजारातील परतावा दर ७ वरून ७.५ टक्क्यांवर गेला. रोख्याची किंमत साधारण साडेतीन कोटींनी घटते. रोखा एचटीएममध्ये असेल तर या घटीची नफ्यात किंवा राखीव निधीत नोंद होत नाही आणि व्याज नेहमीप्रमाणे येत राहते. तो तिसऱ्या कप्प्यात असेल तर साडेतीन कोटींचा तोटा त्याच तिमाहीच्या नफ्यातून वजा होतो. एएफएसमध्ये असेल तर तो नफा-तोटा खात्याला स्पर्श न करता एएफएस राखीव निधीतून वजा होतो.

खरा बदल या मधल्या कप्प्यात झाला. मार्च २०२४ पर्यंत एएफएसमधील निव्वळ मूल्यघटीची तरतूद नफ्यातून करावी लागत असे आणि निव्वळ मूल्यवाढ मात्र सोडून द्यावी लागत असे. नियम सावध होता, पण एकतर्फी होता. आता घट आणि वाढ दोन्ही राखीव निधीत जातात आणि हा निधी सामान्य भागभांडवलाच्या पहिल्या स्तरात, म्हणजे बँकेच्या सर्वांत भक्कम भांडवलात, धरला जातो, मात्र त्यातील न वठलेल्या (विक्री न झाल्याने केवळ कागदावरच्या) नफ्यावर लाभांश देता येत नाही. परिणामी तिमाही नफा पूर्वीपेक्षा स्थिर दिसतो आणि त्याची अस्थिरता भांडवलाच्या आकड्यात उतरते. रोखे विकल्यावर तो संचित नफा किंवा तोटा राखीव निधीतून नफा-तोटा खात्यात येतो. वाजवी मूल्यातील बदल राखीव निधीत नेण्याचा पर्याय निवडलेल्या शेअर्सच्या बाबतीत मात्र विक्रीनंतरही तो नफ्यात येत नाही.

नको असलेला तोटा टाळता यावा म्हणून बँका रोखे एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवू शकतात का?

पूर्वी वर्षातून एकदा, साधारणपणे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, संचालक मंडळाच्या संमतीने असे करता येत असे. आता त्यासाठी मंडळाबरोबर रिझर्व्ह बँकेच्या पर्यवेक्षण विभागाचीही पूर्वपरवानगी लागते. एचटीएममधून वर्षभरात होणारी विक्रीही त्या कप्प्याच्या आरंभीच्या पुस्तकी मूल्याच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते आणि काही अपवाद वगळता त्याहून अधिक विक्रीला पूर्वपरवानगी हवी. दुसरीकडे, एचटीएममध्ये एकूण गुंतवणुकीच्या २५ टक्केच रक्कम ठेवण्याची जुनी मर्यादा काढून टाकण्यात आली आहे. दार मोठे केले, पण कुलूपही पक्के बसवले.

व्याजदर अचानक वाढल्यावर भारतीय बँकांवर प्रत्यक्षात काय परिणाम झाला होता?

२०१७ च्या मध्यास दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा दर साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता. तेथून तो चढत गेला आणि २०१८ च्या सुरुवातीस साडेसात टक्क्यांच्या वर पोहोचला. जुन्या नियमानुसार एचटीएमबाहेरील रोख्यांची सारी मूल्यघट नफ्यातून वजा होणार होती आणि अनुत्पादक, म्हणजे थकलेल्या, कर्जांच्या तरतुदींचे ओझे तर आधीच होते. रिझर्व्ह बँकेचे त्या वेळचे डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत केलेल्या भाषणात व्याजदराची जोखीम बँकांनी स्वतः सांभाळावी आणि दर वेळी नियामकाच्या दाराशी येऊ नये, असे बजावले होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, एप्रिल २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने तोटा चार तिमाहींत विभागण्याची मुभा दिली आणि पुढे जून तिमाहीसाठीही ती दिली. त्याच वेळी गुंतवणूक चढउतार राखीव निधी उभारणे बंधनकारक करून भविष्यासाठी तजवीजही केली.

तोटा झालेला असताना तो चार तुकड्यांत दाखवल्याने बँक अधिक सुदृढ होत नाही. अशी सवलत त्या तिमाहीत दिलासा देते, पण निकालाचा आकडा वाचणाऱ्याचा त्याच्यावरचा विश्वास मात्र कमी करते.

एचटीएममधील तोटा दिसत नाही, म्हणजे तो नसतो का?

असतोच. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचा अनुभव यासाठी पुरेसा बोलका आहे. २०२२ च्या अखेरीस या बँकेकडे सुमारे ९१ अब्ज डॉलरचे रोखे मुदतपूर्तीच्या कप्प्यात होते आणि त्यांचे बाजारमूल्य पुस्तकी मूल्यापेक्षा जवळपास १५ अब्ज डॉलरने कमी होते. ही माहिती टिपणीत छापलेली होती, नफ्यात मात्र तिचा मागमूस नव्हता. ठेवी आटू लागल्यावर मार्च २०२३ मध्ये बँकेने सुमारे २१ अब्ज डॉलरचे विक्रीयोग्य रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला, ठेवीदारांची रांग लागली आणि १० मार्च रोजी नियामकांनी बँक ताब्यात घेतली. ठेवीदार थांबतील या गृहीतकावर एचटीएमचा कप्पा उभा असतो.

डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या नोंदीने नफ्यावर किती परिणाम होऊ शकतो?

डेरिव्हेटिव्ह म्हणजे स्वॅप किंवा वायद्यासारखा, व्याजदर वा चलनाच्या भावावर मूल्य अवलंबून असलेला करार. त्याच्या मूल्यांकनाची पद्धत सुसंगत नसेल तर बराच. १० मार्च २०२५ रोजी इंडसइंड बँकेने शेअर बाजारांना कळवले की डेरिव्हेटिव्ह खात्यांच्या अंतर्गत आढाव्यात आढळलेल्या विसंगतींचा परिणाम डिसेंबर २०२४ च्या निव्वळ संपत्तीच्या सुमारे २.३५ टक्के इतका असेल. हा आढावा रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांच्या अंमलबजावणीनंतर झाला होता, असेही बँकेने आपल्या निवेदनात नमूद केले. दुसऱ्या दिवशी शेअरचा भाव एक चतुर्थांशाहून अधिक कोसळला.

यामागचा सर्वसाधारण मुद्दा असा. बँकेचा एक विभाग दुसऱ्या विभागाशी जो अंतर्गत व्यवहार करतो त्याची एक बाजू बाजारभावाने आणि दुसरी केवळ साचलेल्या व्याजाने मोजली, तर एका बाजूचा नफा नोंदला जातो आणि दुसऱ्या बाजूचा तोटा अदृश्य राहतो. नव्या निर्देशांत वाजवी मूल्याचे तीन स्तर ठरवले आहेत. ज्याचे मूल्य बाजारातल्या भावावरून न ठरता बँकेच्या स्वतःच्या गृहीतकांवर ठरते तो तिसरा स्तर, आणि त्यातील न वठलेला निव्वळ नफा भांडवलातून वजा केला जातो, त्यावर लाभांशही देता येत नाही. हा नियम मला विशेष शहाणपणाचा वाटतो.

अपेक्षित पतहानी ही पद्धत आजच्या तरतुदींपेक्षा वेगळी कशी?

आजची पद्धत घडून गेलेल्या गोष्टीकडे पाहते. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की खाते अनुत्पादक होते. तोवर ते नियमित कर्ज असते आणि त्यावर बहुतेक प्रकारांत केवळ ०.४० टक्के, शेती व लघुउद्योगांच्या कर्जांवर ०.२५ टक्के, तर व्यापारी स्थावर मालमत्तेच्या कर्जांवर १ टक्का तरतूद असते. खाते दुय्यम दर्जाचे झाले की ती एकदम १५ टक्के होते आणि विनातारण कर्जांसाठी २५ टक्के. म्हणजे ८९ दिवस थकलेल्या आणि एकही दिवस न थकलेल्या कर्जावरील तरतूद सारखीच असू शकते, तीन दिवसांनी मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

अपेक्षित पतहानीत, म्हणजे कर्ज बुडण्याने होऊ शकणारी हानी आधीच अंदाजाने धरण्याच्या पद्धतीत, कर्जांचे तीन टप्पे केले जातात. पहिल्या टप्प्यातील कर्जांवर पुढील बारा महिन्यांत बुडीत जाण्याची शक्यता धरून तरतूद होते. दिल्या तेव्हापेक्षा जोखीम लक्षणीय वाढलेली कर्जे दुसऱ्या टप्प्यात जातात आणि तेथे कर्जाच्या उरलेल्या संपूर्ण मुदतीतील अपेक्षित हानी मोजावी लागते. तीस दिवसांपेक्षा जास्त थकबाकी हे जोखीम वाढल्याचे लक्षण मानले जाते, विरुद्ध पुरावा असल्याशिवाय. तिसरा टप्पा बिघडलेल्या कर्जांचा.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मध्ये या विषयावर चर्चापत्र काढले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्देशांचा मसुदा प्रसिद्ध केला. मसुद्यात अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२७ सुचवली आहे आणि भांडवलावरील एकवेळचा आघात ३१ मार्च २०३१ पर्यंत टप्प्याटप्प्याने पचवण्याची सोय आहे. बँकांची हानी मोजण्याची गणिती प्रतिमाने काहीही सांगोत, प्रत्येक टप्प्यासाठी तरतुदीची किमान पातळीही ठरवलेली आहे.

आकड्यांत हा फरक किती पडेल?

पुन्हा काल्पनिक बँक घेऊ. तिची नियमित कर्जे १,००० कोटी रुपयांची आहेत. आजच्या ०.४० टक्के दराने तरतूद ४ कोटी होते. आता समजा यातील ८० कोटींची कर्जे महिन्याहून अधिक थकल्याने दुसऱ्या टप्प्यात गेली. उरलेल्या ९२० कोटींवर वर्षभरात बुडण्याची शक्यता १.२ टक्के आणि बुडाल्यास होणारी हानी ४५ टक्के धरली तर तरतूद सुमारे ४.९७ कोटी येते. दुसऱ्या टप्प्यातील ८० कोटींसाठी आयुष्यभराची शक्यता १८ टक्के आणि हानीचे प्रमाण तेच धरले तर ६.४८ कोटी. एकूण ११.४५ कोटी, म्हणजे आजच्यापेक्षा जवळपास साडेसात कोटी अधिक. मालमत्तेवरील परतावा एक टक्का असलेल्या बँकेचा या कर्जांवरील वर्षाचा नफा १० कोटी असतो. तुलना वाचकाने स्वतः करावी.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. पहिला फरक संक्रमणाच्या दिवशी राखीव निधीतून वळता होतो, नफ्यातून नाही. नफ्यावर परिणाम करतो तो पुढचा दर तिमाहीचा बदल, आणि तो मुख्यतः पहिल्यातून दुसऱ्या टप्प्यात किती कर्जे घसरतात यावर ठरतो. म्हणूनच ३१ ते ९० दिवस थकलेली खाती, ज्यांना आज विशेष उल्लेखित खाती म्हणतात आणि जी शाखा व्यवस्थापक ‘अजून एनपीए नाहीत’ म्हणून बाजूला ठेवतो, तीच उद्या नफ्याचा आकडा हलवतील.

मंदीच्या काळात हे मानक बँकांना अधिक अडचणीत आणणार नाही का?

ही भीती निराधार नाही. अपेक्षित हानी पुढील आर्थिक परिस्थितीचा अंदाज धरून मोजली जाते, त्यामुळे अंदाज बिघडला की सर्व बँकांच्या तरतुदी एकाच तिमाहीत फुगतात. अमेरिकेत मोठ्या बँकांना अशाच स्वरूपाचे मानक जानेवारी २०२० पासून लागू झाले आणि लगेच कोविडची साथ आली. जेपी मॉर्गन चेस बँकेने त्या पहिल्याच तिमाहीत पतहानीसाठी ८ अब्ज डॉलरहून अधिक तरतूद केली, तोवर कर्जे प्रत्यक्षात फारशी थकलीही नव्हती. भारतात त्याच वसंतात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली आणि ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत चालली. सवलतीमुळे थकलेले दिवस मोजणे थांबले, म्हणून रिझर्व्ह बँकेला अशा आधीच थकीत असलेल्या खात्यांवर दोन तिमाहींत किमान १० टक्के जादा तरतूद करण्याचा वेगळा आदेश काढावा लागला. दिवस मोजणारी पद्धत आंधळी पडली की नियामकाला हाताने दुरुस्ती करावी लागते, हा त्या आदेशाचा अर्थ.

प्रक्रिया शुल्काचा नफ्याशी काय संबंध?

सध्या बँका गृहकर्जावरील प्रक्रिया शुल्क सामान्यतः मिळताच उत्पन्नात धरतात. प्रभावी व्याजदर पद्धतीत हे शुल्क, आणि कर्ज आणून देणाऱ्या दलालाचा मोबदलाही, कर्जाच्या अपेक्षित मुदतीत पसरवावा लागतो. ५० लाखांच्या कर्जावर अर्धा टक्का, म्हणजे २५ हजार रुपये शुल्क, पहिल्या महिन्यात न दिसता वर्षानुवर्षे थोडे थोडे व्याजात मिसळते. मार्च अखेरीस कर्जवाटपाची घाई करून वर्षाचा नफा सजवण्याची सवय यामुळे थोडी तरी कमी होईल.

एकाच कर्जावर दोन वेगळे नफे दिसू शकतात का?

दिसतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेचे निक्षेपपत्र (शेअर्सच्या बदल्यात परदेशात विकले जाणारे प्रमाणपत्र, एडीआर) न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेले असल्याने ती अमेरिकी नियामकाकडे अमेरिकी लेखातत्त्वांनुसारही हिशेब सादर करते आणि तेथील नफा भारतीय आकड्याशी जुळत नाही. याच बँकेत १ जुलै २०२३ रोजी विलीन झालेली एचडीएफसी ही गृहवित्त कंपनी तोवर इंड एएसप्रमाणे, म्हणजे अपेक्षित पतहानी आणि प्रभावी व्याजदर धरून, हिशेब लिहीत होती. त्याच कर्जदारांची तीच कर्जे विलीनीकरणाच्या दिवसापासून जुन्या पद्धतीच्या वहीत आली.

बिगर-बँक वित्तीय कंपन्यांचा आणि सहकारी बँकांचा काय हिशेब?

५०० कोटी आणि त्याहून अधिक निव्वळ संपत्ती असलेल्या बिगर-बँक वित्तीय कंपन्यांनी इंड एएस १ एप्रिल २०१८ पासूनच स्वीकारले. पुण्याच्या बजाज फायनान्सच्या निकालपत्रात टप्पा एक, दोन, तीन असे तक्ते वाचायला मिळतात ते यामुळेच. त्यामुळे बँकेचा आणि अशा कंपनीचा नफा थेट शेजारी मांडून तुलना करणे चुकीचे ठरते. मार्च २०२० पासून या कंपन्यांची अपेक्षित हानी जुन्या निकषांच्या तरतुदींपेक्षा कमी भरली तर फरकाची रक्कम स्वतंत्र राखीव निधीत न्यावी लागते. नागरी सहकारी बँकांना, ज्यांचे जाळे महाराष्ट्रात सर्वाधिक दाट आहे, गुंतवणुकीचे २०२३ चे निर्देश आणि पतहानीचा मसुदा लागू नाही. त्यांचे नियम वेगळे आहेत.

जादा तरतूद केली की प्राप्तिकर कमी होतो का?

पूर्णपणे नाही. तरतुदीची वजावट कायद्याने ठरलेल्या मर्यादेतच मिळते, उरलेल्या रकमेवर कर आज भरावा लागतो आणि तो पुढच्या वर्षांच्या करातून वळता होईल या आशेवर ती रक्कम स्थगित कर मालमत्ता म्हणून ताळेबंदात नोंदवली जाते.

निकाल वाचताना भागधारकाने नेमके कोठे पाहावे?

निव्वळ नफ्याआधी तरतूदपूर्व कार्यकारी नफा पाहावा, कारण पतहानीचे नियम त्याला फारसे शिवत नाहीत. नंतर ट्रेझरी उत्पन्नातील, म्हणजे रोखे व तत्सम गुंतवणुकीतून झालेल्या नफ्यातील, किती भाग विक्रीतून आला आणि किती केवळ मूल्यवाढीतून, हे तपासावे. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला तेव्हा अनेक निकालपत्रांत ट्रेझरीचा वाटा एकाएकी वाढलेला दिसला होता, आणि असा नफा दर तिमाहीत येत नसतो. त्यानंतर वार्षिक अहवालातील अनुसूची १८, म्हणजे हिशेबांच्या टिपणी, उघडावी. मुदतपूर्तीच्या कप्प्यातील रोख्यांचे पुस्तकी मूल्य आणि वाजवी मूल्य, एएफएस राखीव निधीची शिल्लक आणि तिसऱ्या स्तरातील मालमत्ता ही तिन्ही माहिती तेथे मिळते. बहुतेक लोक अनुसूची १७ पर्यंत पोहोचण्याआधीच अहवाल मिटतात.